हंसाच्या माथी मारलेला रोग

गेल्या हिवाळ्यात हतनूर धरणाच्या काठच्या एका गावात पारावर झालेला वाद अजून डोक्यातून जात नाही. कुठल्याशा पोल्ट्रीत मरतूक झाल्याची बातमी मोबाइलवर फिरत होती आणि तिच्याखाली कुणीतरी आभाळातून जाणाऱ्या हंसांच्या थव्याचा फोटो जोडला होता. गाळपेरीत, म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात, हरभरा पेरलेल्या एका तरुणाचं म्हणणं होतं, फटाके लावून हे पक्षी हुसकावून द्या, पीकही वाचेल आणि रोगही जाईल. आमच्याबरोबर जळगावहून आलेल्या एका पक्षीनिरीक्षकाने तितक्याच ठामपणे सांगितलं की पक्ष्यांमुळे रोगबिग काही येत नाही, पोल्ट्रीवाले आपलं पाप पक्ष्यांवर ढकलतात. तासभर दोघं भांडले. मी गप्प बसलो आणि तेच नंतर खटकत राहिलं, कारण मला दोघांचंही पटलेलं नव्हतं. बर्ड फ्लूचा विषाणू रानहंस वाहून नेतात, प्रसंगी एका खंडातून दुसऱ्या खंडात नेतात, हे खरं आहे. पण हा विषाणू मारक झाला तो माणसाने पाळलेल्या पक्ष्यांत, आणि त्याला अडवण्याची जागाही तीच आहे. हंसाला आरोपी केलं की खुराड्याकडे कुणी बघत नाही. त्याची किंमत मात्र नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरसारख्या तालुक्यातला लहान पोल्ट्रीवाला आणि दारात दहा कोंबड्या पाळणारी बाई भरते.

आधी पक्षी नीट बघू. हतनूरला तापी-पूर्णेच्या पाण्यावर थंडीत उतरतो तो पट्टकादंब. पांढरंशुभ्र डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पिवळी-नारिंगी चोच. सकाळी धुकं विरायच्या आत काठावर गेलं तर पन्नास-साठ पक्षी हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवर माना खाली घालून चालताना दिसतात, आणि कडेचा एखादा मान ताठ करून राखण करत उभा असतो. ते उठून गेल्यावर वाफ्यात जावं. शेंडे कात्रीने कापल्यासारखे खुडलेले असतात आणि ओल्या गाळात पंजांचे ठसे, हिरवट शीट यांचा सडा पडलेला असतो. हा पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याचे आणखी उत्तरेचे भाऊबंद आर्क्टिकमध्ये अंडी घालतात. त्यांपैकी बार्नॅकल हंस आपल्या भागातला नाही, पण या वादात मला त्याचीच साक्ष सर्वांत मोलाची वाटते.

काळी मान, पांढरा चेहरा, करडं अंग असा हा हंस ग्रीनलंड, स्वालबार्ड आणि रशियाच्या उत्तर टोकाला उन्हाळा काढतो. आर्क्टिक कोल्ह्यापासून अंडी वाचवण्यासाठी ग्रीनलंडमध्ये तो उभ्या कड्यांवर घरटं करतो. हंसाचे आईबाप पिलांना चारा आणून भरवत नाहीत, चारा असतो खाली, म्हणून दोन-तीन दिवसांची पिलं कड्यावरून उडी टाकतात. हिवाळ्यात हे पक्षी ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवर येतात. मध्ययुगात त्या किनाऱ्यांवरच्या लोकांनी या पक्ष्याचं घरटं, अंडं, पिलू काहीच पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी कथा रचली. समुद्रात वाहत येणाऱ्या ओंडक्यांना चिकटलेल्या शिंपल्यांसारख्या प्राण्यांतून हा हंस जन्मतो, म्हणजे तो पक्षी नसून माशाचाच प्रकार आहे, असं मानलं गेलं. बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने आयर्लंडच्या वर्णनात हे डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहून ठेवलं. काही पाद्री मांस वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांत हा हंस बिनदिक्कत खाऊ लागले, आणि अखेर १२१५ मध्ये पोप तिसरा इनोसंट याला मनाई करावी लागली. पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ते शिंपले मागवून तपासले. त्यांत पक्ष्यासारखं काहीच सापडलं नाही, आणि हे हंस कुठेतरी दूर उत्तरेला अंडी घालत असावेत, असा तर्क त्याने मांडला. ज्याचा जन्म दिसला नाही त्याच्या जन्माची कथा सोयीप्रमाणे रचायची, ही खोड तेव्हापासूनची. तेव्हा ती हंसाच्या बाबतीत घडली, आता विषाणूच्या बाबतीत घडते आहे.

मग या विषाणूचा जन्म कुठला? सौम्य प्रकारचे फ्लूचे विषाणू रानबदकांच्या आतड्यांत पूर्वापार असतात आणि बदकांना त्यांचा फारसा त्रास होत नाही. एच-५ आणि एच-७ या गटांतले विषाणू कोंबड्यांच्या दाट वस्तीत शिरले आणि एका पक्ष्यातून दुसऱ्यात फिरत राहिले की त्यांच्यात बदल होतो आणि ते जीवघेणे बनतात. आज जगभर धुमाकूळ घालणाऱ्या एच-५-एन-१ घराण्याचा मूळपुरुष १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सापडला. तो हंसातच सापडला हे खरं, पण तो हंस पाळीव होता. पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली आणि तिथल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या. त्यानंतर २००५ च्या वसंतात चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर सहा हजारांच्या आसपास रानपक्षी मेले आणि त्यांत सर्वांत जास्त होते पट्टकादंब, आपल्या हतनूरला उतरतात तेच. पाळीव पक्ष्यांत नऊ वर्षं फिरून झाल्यावर रोग रानहंसांवर असा कोसळला. हा क्रम ध्यानात घेतला, तर 'पक्ष्यांनी रोग आणला' हे वाक्य निदान अर्ध्यावरून सुरू होतं, एवढं तरी मान्य करावं लागेल.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते लेचेपेचे नाहीत. पहिला असा की रानपक्षी विषाणू लांबवर नेतात, याचा भक्कम पुरावा आहे. २०१४ च्या अखेरीस एच-५-एन-८ हा प्रकार पूर्व आशियातून एकाच हिवाळ्यात युरोपात आणि उत्तर अमेरिकेत पोहोचला. शास्त्रज्ञांनी विषाणूंचे जनुकीय आराखडे जुळवून पाहिले, तेव्हा वाट निघाली ती आर्क्टिकमधल्या प्रजननभूमीवरून. उन्हाळ्यात तिथे वेगवेगळ्या खंडांतले पक्षी एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने पांगतात. दुसरा मुद्दा असा की लागण झालेला पट्टकादंब लक्षणं दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागतो, आणि निरोगी दिसणाऱ्या अशा पक्ष्याला तेवढ्या दिवसांत मोठा पल्ला मारता येतो. तिसरा मुद्दा आपल्या देशातला आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलातल्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले, त्यांतही बहुसंख्य पट्टकादंबच होते, आणि त्याच हिवाळ्यात नवापूरच्या पोल्ट्रींतही रोग आला. चौथा, सर्वांना सहज पटणारा मुद्दा म्हणजे, पक्षी इथे असतात तेव्हाच साथ येते. पारावर आमच्या सोबत्याने हे सगळं एका वाक्यात उडवून लावलं, ते चुकलं. पक्ष्यांवर प्रेम आहे म्हणून पुरावा नाकारला, तर उद्या आपण पक्ष्यांच्या बाजूने काही खरं बोललो तरी गावकरी का ऐकतील?

मात्र हे चारही मुद्दे मान्य करूनही निष्कर्ष फटाक्यांचा निघत नाही. ऋतूचंच घ्या. थंडीत पक्षी येतात, तसा विषाणूही थंडीत जास्त टिकतो. कोंबडीच्या विष्ठेत चार अंश तापमानाला तो महिनाभराहून अधिक जिवंत राहतो, ३७ अंशांना सहा दिवस. अंड्यांचा खपही थंडीतच वाढतो, म्हणजे गाड्या, ट्रे, माणसं यांची ये-जा वाढते. तीन गोष्टी एकाच महिन्यात घडत असताना आपण बोट फक्त आभाळात दिसणाऱ्या गोष्टीकडे दाखवतो. आणि हंस नवापूरच्या शेडमध्ये शिरतो का? हा पक्षी उघड्या रानात चरतो, पाण्यावर रात्र काढतो, माणूस दिसला की उठतो. जाळी लावलेल्या, पिंजऱ्यांच्या रांगा असलेल्या लेअर शेडपर्यंत, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडपर्यंत, तो जात नाही. पाण्यावरून शेडपर्यंतचा शेवटचा टप्पा कावळा, बगळा, उंदीर, बूट, बादली, ट्रे, खाद्याची गाडी यांपैकी कुणीतरी पार करतं. त्यातलं जवळजवळ सगळं आपल्या हातात आहे.

केळी पिकवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. रावेर-यावल भागात केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) येतो, हरण्या म्हणतात तो. तोही विषाणूच. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. शेतकरी माव्यावर फवारणी करतो, पण तेवढ्यावर भागत नाही हे त्याला ठाऊक असतं. रोगट झाड दिसताक्षणी मुळासकट उपटून नष्ट करायचं, बांधावरचं तण काढायचं, बागेत काकडी-भोपळा लावायचा नाही, रोपं कुठून आली याची चौकशी करायची. वाहक आणि उगम या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे खान्देशातल्या बागायतदाराला पक्कं कळतं. मग तेच शहाणपण कोंबडीच्या बाबतीत का सोडायचं? आणि याच केळीला आपण ट्रकच्या ट्रक कोंबडखत घालतो. पोल्ट्रीतून निघालेलं ओलं खत धरणाकाठच्या शेतात उतरतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या वाफ्यात हंस चरतात. रोगाची वाट खुराड्याकडून हंसाकडेही जाऊ शकते, हे पारावर कुणाच्या मनातही आलं नाही.

महाराष्ट्राला या चुकीचा जुना अनुभव आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सरकारने रोग माणसांच्या घरांत शोधला. सोजिरांनी घरं उघडली, सामान बाहेर फेकलं, जाळलं, बायामाणसांच्या अब्रूची पर्वा केली नाही. त्याचा शेवट रँडच्या खुनापर्यंत गेला. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. धान्याची पोती जिथे जात तिथे उंदीर जात आणि उंदरांबरोबर रोग जाई. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून पोती जात होती, पण संशयाच्या नजरेत माणसं होती. तेव्हाच्या पोत्याच्या जागी मला आज अंड्यांचा ट्रे दिसतो.

तो मी जवळून पाहिला आहे. नवापूर तालुक्यात माझ्या एका मित्राची लहानशी लेअर पोल्ट्री आहे. एका संध्याकाळी त्याच्या शेडसमोर गाडी लागली आणि रिकामे ट्रे उतरवले गेले. कागदी लगद्याचे ते करडे ट्रे कुठल्या कुठल्या बाजारांतून, कुठल्या कुठल्या पोल्ट्रींतून फिरून आले होते. कोपऱ्यांत फुटलेल्या अंड्याचा बलक वाळून पापडी झालेला, मधे पिसं, खाचांत काळपट शीट. गड्याने ते तसेच उचलून आत नेले आणि ताज्या अंड्यांखाली घातले. मी विचारलं तर मित्र म्हणाला, "भाऊ, कागदाचा ट्रे धुता येत नाही, प्लास्टिकचे घ्यायचे तर एवढ्यांचे पैसे कोण देईल? व्यापारी तर याच्यातच माल उचलतो." नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, फलाटावरच्या बाकावरून राज्यांची हद्द जाते. गाड्याही अशाच दोन्हीकडे जातात. भारतातल्या कोंबड्यांमध्ये एच-५-एन-१ पहिल्यांदा सापडला तो याच नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं, पांढऱ्या पोशाखातली पथकं आली, लाखो कोंबड्या मारून चुना टाकून खड्ड्यांत पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही रोग निघाला. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच खड्डे, तोच चुना.

माझी मामी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात असते. २००६ च्या त्या दिवसांत बाजारात तिच्या गावठी अंड्यांना कुणी हात लावेना. टोपली तशीच घेऊन ती घरी आली आणि मला म्हणाली, "आमन्या कोंबड्या ते आंगनमाच राहतस, मंग हाऊ रोग कथाईन उना?" कुठून आला, हा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. 'पाखरांनी आणला' हे उत्तर तिला गावातच मिळालं आणि त्यानंतर कुणी काही शोधलं नाही. मला याचाच राग आहे. रोग आभाळातून आला म्हटलं की तो गारपिटीसारखा होतो. मग शेडच्या दारात पाय बुडवायला टाकी का नव्हती, मरतूक वाढल्यावर चार दिवस कुणी का कळवलं नाही, आजारी कोंबड्या स्वस्तात कुणी विकल्या, हे प्रश्न विचारायचे कुणाला? हंसाला तर नोटीस देता येत नाही.

मरतूक लपवणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याची बाजूही बघा. कळवलं की सगळा कळप जातो, शेड काही महिने रिकामं राहतं, कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि भरपाई हातात पडेपर्यंत हेलपाटे मारावे लागतात. अशा माणसाला कळवायची भीती वाटू नये, इतकी भरपाई चोख आणि झटपट मिळाली पाहिजे, अंगणातल्या दहा कोंबड्यांचीसुद्धा. धुता येणारे ट्रे, शेडच्या दारातली चुन्याची किंवा जंतुनाशकाची टाकी, कोंबडखत कुजवल्याशिवाय बाहेर न काढण्याचा नियम, आणि तालुक्याला नमुने घेणारा पशुवैद्यक. फटाक्यांवर खर्च करायला तयार असलेल्या ग्रामपंचायतीने यांतली एक गोष्ट जरी मागितली तरी फरक पडेल.

आणि फटाक्यांनी होतं काय? आजारी थवा एका पाणवठ्यावर असतो, तो घाबरून चार पाणवठ्यांवर पांगतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना या दोन्ही रानपक्षी मारून किंवा पिटाळून रोग आटोक्यात आणायच्या विरोधात आहेत, त्याचं एक कारण हेच.

बार्नॅकल हंसाची साक्ष मोलाची म्हटलं ती दोन कारणांनी. स्वालबार्डचे बार्नॅकल हंस हिवाळ्यात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या सॉलवे खाडीकाठी उतरतात. १९४० च्या दशकात ते जेमतेम तीनशे उरले होते. शिकार बंद झाली, जागा राखल्या, आणि सत्तर वर्षांत त्यांची संख्या चाळीस हजारांवर गेली. एवढे हंस शेतातलं गवत फस्त करू लागले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही आपल्या पारावरच्या तरुणासारखीच तक्रार केली, आणि ती रास्त होती. उत्तर म्हणून हंसांना चरू देणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देण्याची योजना सुरू झाली. पुढे २०२१-२२ च्या हिवाळ्यात एच-५-एन-१ तिथे पोहोचला आणि या हंसांपैकी सुमारे एक तृतीयांश त्या एका हिवाळ्यात मेले. किनाऱ्यावर, शेतांत, भरतीच्या रेषेवर मेलेले हंस पडले होते. तीनशेवरून चाळीस हजारांपर्यंत यायला दोन पिढ्यांचा जपणुकीचा घाम लागला होता, आणि त्याचा तिसरा हिस्सा पाळीव पक्ष्यांत बळावलेल्या एका विषाणूने काही महिन्यांत नेला. पोंग धरणावर मेलेले पट्टकादंबही त्याच रोगाचे बळी. मेलेल्यांच्या एवढ्या मोठ्या राशी समोर असताना आपण त्यांनाच गुन्हेगार म्हणतो, हे मला सोसत नाही.

त्या तरुणाचा हरभरा मात्र खरंच जातो, आणि त्याचं उत्तर पक्षीप्रेमींनी आजवर दिलेलं नाही. आम्ही फोटो काढतो, यादीत नोंद करतो, चहा पिऊन जळगावला परततो. रानडुकराने किंवा नीलगायीने पीक खाल्लं तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. हंसांनी खाल्लेल्या हरभऱ्यासाठीही तशी सोय मागायला हवी, आणि ती मागायला त्याच्याबरोबर आम्ही जायला हवं. येत्या नोव्हेंबरात हंस उतरायच्या आधी मी त्या गावात जाणार आहे. खुडलेल्या वाफ्यांचे फोटो, तारखा आणि क्षेत्र असा तक्ता आमच्या वहीत आहे, तो त्याच्या अर्जाला जोडता येईल. पारावर गेल्या वर्षी जे बोललो नाही ते या वेळी बोलायचं आहे, आणि बरोबर मित्राच्या शेडमधला तो एक करडा ट्रे घेऊन जायचं आहे, नीट पिशवीत बांधून, सगळ्यांना दाखवायला.